दिल्या घरची

शैलाताईंना पाहुणी म्हटलेलं अजिबात खपत नसे. धाकट्या भावाची, धनेशची सून चैताली एकदा लिफ्टपाशी शेजारणीला म्हणाली, "आमच्याकडे पाहुण्या आल्यात, आत्या," तर शैलाताई पुढचे दोन दिवस तिच्याशी फक्त हं आणि हूं करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता आपणच फुटल्या.

"पाहुणी कसली गं? तुझ्या सासऱ्याचा शेंबूड पुसलाय मी ह्याच सिंगापुरात. तेव्हा हे तुमचं बुकित बातोक कुठे होतं? रान होतं नुसतं, रान! आणि मी पाहुणी?"

"चुकलं हो आत्या," चैताली म्हणाली. मुलगी गुणाची होती बिचारी. नवरा रोहन बोटीवर, वर्षातला निम्मा वेळ समुद्रात. घरात नाकावर राग असलेला सासरा, कानात सतत इअरफोन घातलेली लेक गार्गी, आणि आता ही आत्येसासू. ती तरी कुठे कुठे पुरी पडणार होती?

आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलंही नव्हतं. शैलाताईंच्या पासपोर्टवरचा शिक्का त्यांना पाहुणीच म्हणत होता. पासपोर्ट भारताचा, त्यावर सिंगापूरचा व्हिजिट पास. गुडघ्याचं दुखणं पुढे करून तो दोनदा वाढवून झाला होता आणि येत्या गुरुवारी संपत होता. त्यानंतर जायचं. कुठे, ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

हे झालं कसं, ते शैलाताई ज्याला त्याला सांगत आणि सांगताना दर वेळी नव्यानं चिडत. जन्म इथला, सरकारी इस्पितळातला. लहानपण बंदरातल्या क्वार्टर्समध्ये गेलं. जपान्यांच्या काळात भाताचं शीत दिसत नव्हतं, तेव्हा टॅपिओका उकडून खाल्लेला. लग्नानंतरचा अख्खा संसार इथेच. यजमान, शशिकांत परुळेकर, मरीन इंजिनियर. मूलबाळ झालं नाही. यजमान गेले, त्यांच्या अस्थी इथल्याच समुद्रात सोडल्या. मग एक दिवस कोकणातून फोन आला की परुळ्याच्या जाऊबाईंना, विनीताला, अर्धांगाचा झटका आलाय, करणारं कोणी नाही. शैलाताई दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि चार वर्षं अडकल्या. तोंड वाकडं झालेल्या जावेला भरवता भरवता कुठला परवाना कधी संपतो ह्याचा हिशेब कोण ठेवणार? विनीता गेली, तेराव्याला गोडाचं जेवण झालं आणि शैलाताई परत आल्या, तर विमानतळावरच्या पोरीनं अगदी हसून सांगितलं, मॅडम, तुमचं इथलं कायमचं राहणं आता संपलंय, परत येण्याच्या परवान्याची मुदत गेली.

"आपल्याच घरी परत यायला परवाना!" शैलाताई म्हणायच्या. "मी तिला म्हटलं, बाई गं, मी बाजारात जाऊन आले, दाराला कुलूप घातलंस होय?"

इकडे हे, आणि तिकडे परुळ्याचं घर पुतण्यानं होमस्टेला देऊन टाकलेलं. एसीच्या खोल्या, अंगणात झोपाळा, पुण्या-मुंबईची माणसं मासे खायला येणार. फोनवर तो म्हणाला होता, "काकू, तुम्ही केव्हाही या, एखादी खोली रिकामी असली की देऊच." एखादी खोली रिकामी असली की! शैलाताईंनी त्यानंतर त्याला फोन केलेला नाही.

उपाय एकच होता. त्या जन्मानं इथल्या आहेत हे सरकारला पटवायचं. शैला हेमचंद्र धुरी नावाच्या मुलीच्या जन्माचा दाखला मिळालाही होता. पण पासपोर्टवर होती जया शशिकांत परुळेकर. शैला आणि जया एकच, हे दाखवण्यासाठी अर्ज केला होता आणि मंगळवारी सकाळी दोघा भावंडांना सरकारी कचेरीत बोलावलं होतं. सगळ्या घराचा जीव त्या मंगळवारात अडकला होता.

त्याच्या आधीच्या रविवारी घरात नको तो वाद पेटला.

चिनी नववर्ष नुकतंच झालेलं. चैतालीचा भाऊ प्रबोध वुडलँड्सहून जेवायला आला, येताना संत्र्यांची पिशवी घेऊन आला. पुण्याचा पोरगा, एका बँकेत कॉम्प्युटरवाला मॅनेजर, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर. आणि नेमका आदल्या दिवशी धनेश हाँग लिम पार्कातल्या सभेला जाऊन आलेला. सरकारनं लोकसंख्येचा कसलासा आराखडा काढला होता, बाहेरची आणखी माणसं येणार म्हणून लोक खवळले होते, आणि हा सदुसष्ट वर्षांचा म्हातारा छत्री घेऊन पावसात उभा राहून टाळ्या वाजवून आला होता. घसा बसला होता, पण तोंड बसलं नव्हतं.

"एमआरटीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही," धनेश म्हणाला. "पॉलिक्लिनिकमध्ये सकाळी गेलं तर दुपारी नंबर. फ्लॅटच्या किमती ऐकल्यास? आम्ही आमच्याच देशात कोपऱ्यात उभे."

"काका, तुमच्या तुआसच्या जहाजांच्या यार्डात वेल्डिंग कोण करत होतं?" प्रबोधनं माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवत विचारलं. "तुमच्या ब्लॉकखाली झाडू कोण मारतं? आणि मी इतकी वर्षं टॅक्स भरतोय. कायमचं राहण्यासाठी पीआरचा अर्ज केला की परत. कारणसुद्धा सांगत नाहीत. पोराला शाळेत घालू की नको, घर घेऊ की नको, काही ठरवता येत नाही. आम्ही काय हौसेनं लटकलोय?"

"तुला उद्या दुबईनं जास्त दिले की तू दुबईला. माझ्या रोहननं ऐन उमेदीची वर्षं सक्तीच्या लष्करी नोकरीत, इथल्या चिखलात बंदूक घेऊन काढलीत."

"अहो पण तुमचे वडील? तेही बोटीतून उतरलेच ना इथे?"

"अण्णांची गोष्ट वेगळी!"

"वेगळी कशी?"

"ते राहिले!" धनेशनं टेबलावर मूठ आपटली. आमटीची वाटी हिंदकळली.

शैलाताई इतका वेळ खाली मान घालून भात कालवत होत्या. त्या म्हणाल्या, "मीही राहिलेच की रे."

धनेशनं आमटीची वाटी सरळ केली.

"ताई, तुझी गोष्ट वेगळी," धनेश खालच्या आवाजात म्हणाला.

"तेच म्हणते मी. इथे प्रत्येकाची गोष्ट वेगळी. अण्णांची वेगळी, तुझी वेगळी, ह्या प्रबोधची वेगळी. मग मी बसू कुठे? तुझ्या बाजूला की त्याच्या? गुरुवारी मला घालवतील तेव्हा तू टाळ्या वाजवणारेस की रडणारेस, ते एकदा ठरव."

"आत्या, असं काय बोलता," चैताली कळवळली.

गार्गीनं कानातला इअरफोन काढला. "आजी इज लोकल, लाह! शी वॉज बॉर्न हिअर, व्हॉट. ते तिला कसे पाठवतील? कान्ट, लाह." तिला त्यात चर्चा करण्यासारखं काही दिसतच नव्हतं. शैलाताईंनी तिच्या ताटात आपला तळलेला तुकडा ठेवला.

जेवणं झाली, प्रबोध गेला, धनेश आडवा झाला. शैलाताई गॅलरीत कपडे घड्या करत बसल्या. ह्या घरात असा वाद झाला की त्यांना अण्णांची खोली आठवायची, आणि का नाही आठवणार? शब्दसुद्धा तेच.

अण्णा म्हणजे हेमचंद्र धुरी, बंदरात टॅली क्लार्क. बोटीतून किती पोती उतरली ते मोजायचं काम. शैला सोळा-सतरा वर्षांची असताना इंग्रज जायला निघाला होता. जाताना तो कोणाला काय देऊन जाणार, नागरिक कोणाला म्हणणार, मत कोणाला मिळणार, ह्यावर सगळं शहर भांडत होतं आणि त्यातलं निम्मं भांडण अण्णांच्या खोलीत होत असे. आई नव्हती. शैलाच चहा करून करून दमायची. कोणी म्हणे, इंग्रजी येतं त्यालाच हक्क द्या. कोणी म्हणे, ज्याचं चित्त हिंदुस्थानात त्यानं हिंदुस्थानात जावं. एक मास्तर होता, तो तर म्हणे की आपण इथे भाडेकरू, भाडेकरूनं घरावर हक्क सांगू नये.

अण्णा उठून उभे राहत. बोलायला लागले की गळ्याच्या शिरा फुगत. "अहो मास्तर, ज्या हमालानं इथे वीस वर्षं पाठीवर पोती वाहिली, त्याला इंग्रजी येत नाही म्हणून तो परका? ज्यानं इथे पोरं जन्माला घातली, जो इथेच मरणार, तो इथला! आणि नुसता पुरुष नव्हे, त्याची बायको, त्याच्या पोरी, सगळ्यांना मोजलं पाहिजे!" हमाल दारात उभे राहून ऐकायचे. कळत किती होतं देव जाणे, पण माना डोलवायचे. शैलाला वाटायचं, आपल्या अण्णांसारखा माणूस अख्ख्या बंदरात नाही. आजही वाटत होतं.

आणि अण्णा नुसते बोलले नाहीत. पुढे नागरिकांच्या नोंदणीची टेबलं लागली तेव्हा रजा काढून त्यांनी शेकडो माणसांना रांगेत उभं केलं, अंगठे उठवून दिले. हे शैलानं पाहिलं नाही, धनेशच्या पत्रातून वाचलं. कारण तेव्हा ती परुळ्यात होती, नवी नवरी.

लग्न वेंगुर्ल्यात लागलं. गृहप्रवेशाला ताम्हणात तांदूळ पसरले आणि शशिकांतनं सोन्याच्या अंगठीनं त्यात नाव लिहिलं, जया. सगळ्या बायका म्हणाल्या, वा, गोड नाव. तिलाही गोड वाटलं. शैला नाव तिनं मनातल्या मनात पेटीत ठेवलं. काही महिन्यांनी शशिकांतला सिंगापूरच्या कंपनीत नोकरी लागली, तिच्या बापाच्याच ओळखीनं, आणि दोघांचा पासपोर्ट काढायला मोठे दीर मुंबईच्या कचेरीत बरोबर आले. कारकुनानं विचारलं, बाईंचा जन्म कुठला? शशिकांत म्हणाला, परुळे. चटकन म्हणाला. लबाडी म्हणून नव्हे हो. लग्न झालं, नाव बदललं, गोत्र बदललं, कुलदैवत बदललं; मग गाव तेवढं जुनं कसं राहणार? परुळेकरांची सून परुळ्याचीच. दिरांनी मान डोलवली. ती डोक्यावर पदर घेऊन शेजारी उभी होती. तिला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तीही लाजत परुळेच म्हणाली असती. कारकुनानं दाखवलं तिथे तिनं सही केली, नव्या नावाची, आयुष्यातली पहिली.

"यजमानांनी एवढा एक घोळ करून ठेवला," असं शैलाताई म्हणत, पण त्यात राग नसे. मंगळवारी साहेबाला नीट समजावून सांगितलं की झालं, अशी त्यांची समजूत होती. माणूसच असतो ना टेबलापलीकडे.

मंगळवारी धनेशनं कडक इस्त्रीचा शर्ट घातला. शैलाताईंनी ठेवणीतली साडी नेसली. निघताना त्यांनी भावाला बजावलं, "नीट बोल. डोक्यात राख घालून घेऊ नकोस. तिथे तुझं यार्ड नाही."

"नाही गं," तो म्हणाला. पण टॅक्सीत त्याचा पाय सारखा हलत होता.

कचेरीत अजून नववर्षाचे लाल कंदील लटकत होते. त्यांचा नंबर आला. टेबलापलीकडे तिशीचा मलय मुलगा, फैझल नावाचा. उठून उभा राहिला, शैलाताईंना खुर्ची सरकवून दिली. शैलाताईंनी त्याच्याशी मलयमध्येच सुरुवात केली, बंदरातल्या बायकांकडून शिकलेलं जुनं मलय. त्याचा चेहरा एकदम खुलला.

"मॅडम, माझी आजी असं बोलायची," तो म्हणाला. "हे शब्द आता कोणी वापरत नाही."

शैलाताईंनी धनेशकडे पाहिलं. बघ, म्हणाले होते ना, असं ते पाहणं होतं.

मग फैझलनं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं आणि तो इंग्रजीवर आला. दोन अडचणी होत्या, म्हणाला. एक म्हणजे जया परुळेकर ह्या नावानं ज्या बाई पूर्वी इथे आल्या, त्यांनी स्वतःच्या सहीनं जन्मगाव परुळे सांगितलेलं आहे. शैलाताईंनी सगळं समजावलं, तांदूळ, अंगठी, दीर, सगळं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून घेतलं, मान हलवली.

"असं होऊ शकतं, मॅडम. मी मानतो. पण मग दुसरी अडचण येते. तुमचे वडील म्हणून ज्यांचं नाव तुम्ही देता, मिस्टर हेमचंद्र धुरी, त्यांनी नागरिक म्हणून नोंदणी करताना अपत्यं सांगितलीत. एकच. मुलगा, धनेश."

"छे!" शैलाताई म्हणाल्या. "काहीतरी घोटाळा आहे. अण्णा असं सांगणारच नाहीत. मोजणं हेच काम होतं त्यांचं." त्या भावाकडे वळल्या. "सांग ना रे त्यांना."

धनेश शर्टाच्या कफशी चाळा करत बसला.

"धनू?"

"सांगितलं होतं तसं," तो मराठीत म्हणाला. "मी होतो बरोबर. शाळेच्या हॉलमध्ये टेबलं होती. दिवसभर दुसऱ्यांची कामं करून शेवटी स्वतःचा नंबर लावला त्यांनी. बाईनं विचारलं, मुलं किती? ते म्हणाले, एक. मी त्यांचा शर्ट ओढला, म्हटलं, अण्णा, ताई? तर हसले. म्हणाले, अरे वेड्या, ताई आता आपली कुठे, ताई दिली ना आपण परुळेकरांना."

शैलाताईंना रडू आलं नाही. संताप आला, मेलेल्या माणसाचा येतो तसा, ज्याला कुठे जायला जागा नसते. धक्क्यावर बोट सुटताना लहान पोरासारखा हुंदके देणारा बाप. दर पत्रात 'चि. शैलास' लिहिणारा, जया कधीच न म्हणणारा बाप. गावभरच्या हमालांच्या पोरी मोजा म्हणून गळ्याच्या शिरा ताणणारा. आणि स्वतःची पोर? 'दिली.' त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नसणार, हेच जास्त लागलं. दोघंही चांगली माणसं, नवरा आणि बाप. एकानं नेली आणि एकानं दिली, दोघांनीही अगदी मनापासून. मधल्या मधे ती कुठेच उरली नव्हती.

धनेश आता इंग्रजीत फैझलला समजावत होता. आमच्यात अशी रीत असते. मुलगी लग्नात देतात. मग ती त्या घरची. म्हणून मोजली नाही. म्हणजे ती नव्हती असं नाही!

"समजतं मला, सर," फैझल म्हणाला. आणि त्याला खरंच समजत होतं. शैलाताईंना त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. समजून त्याच्या हातात काही नव्हतं, एवढंच. तो उद्धट असता तर बरं झालं असतं. त्याला चार शब्द सुनावता आले असते.

"रक्त तपासा आमचं," धनेश म्हणाला.

"ते चौकशीत होऊ शकेल. पण रक्तानं तुम्ही भाऊ-बहीण ठराल, सर. मॅडमचा जन्म इथे झाला हे नाही ठरणार. चौकशीला वेळ लागेल. वर्ष, कदाचित जास्त."

"आणि तोवर?"

"तोवर मॅडमना बाहेरून वाट पाहावी लागेल. पास गुरुवारी संपतोय."

"वाढवा की पास!"

फैझल म्हणाला, दुखण्याच्या कारणावर आता आणखी वाढ मिळणार नाही. मग एकेक शब्द जपून बोलला. पास वाढवण्याच्या अर्जावर इथल्या नागरिकानं जबाबदारी घ्यावी लागते आणि पाहुण्याशी आपलं नातं लिहावं लागतं. 'बहीण' लिहिलं तर ते आधीच्या नोंदीशी जुळत नाही, म्हणजे अर्ज चौकशीला जोडला जाणार आणि पास वाढणार नाही. काही लोक 'मित्र' लिहितात. त्याला नोंदी पाहाव्या लागत नाहीत. तीस दिवस मिळतात.

"पण मग," तो म्हणाला, "मॅडमच्या दाव्यात तुमच्या सहीचा एक कागद राहील, की तुमचं नातं नाही. पुढे बहीण आहे म्हणून दावा करणं जवळजवळ अशक्य होईल. काय लिहायचं ते मी सांगू शकत नाही, सर. दोन्ही तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं." आणि तो मुद्दामच उठून पाणी आणायला गेला.

धनेशचा चेहरा लाल झाला होता. "बहीणच लिहिणार. मरेन पण दुसरं लिहिणार नाही. तुझा हक्क आहे ताई! मी भांडेन. वकील करेन. एमपीकडे जाईन, दर आठवड्याला जाऊन बसेन. वर्ष लागो, दोन लागोत."

"आणि मी दोन वर्षं कुठे बसू?"

"परुळ्याला... म्हणजे, तात्पुरतं."

"खोली रिकामी असली तर."

धनेश कफचं बटण काढघाल करायला लागला.

"धनू, माझं वय बघ. गुडघा बघ. तुझा हक्क येईल तेव्हा मी असेन का?"

"अगं पण तीस दिवसांनी काय होणारे?"

"काही नाही होणार. सकाळी उठेन, खाली बाजारात जाऊन त्या चिनी म्हाताऱ्याशी भावावरून हुज्जत घालेन, सुरमई आणेन. चैतालीला आमटी बिघडली म्हणून सांगेन. गार्गीशी गप्पा मारेन, तुझ्याशी भांडेन. झोपेन. माणसाला आणखी काय लागतं? अण्णांनी हक्क मिळवलेच ना सगळ्यांसाठी? मला दिवस घे. मिळतात तेवढे घे."

"मी तुला मैत्रीण लिहू?" त्याचा आवाज फुटला. आजूबाजूची दोन माणसं वळून पाहायला लागली. "मला आई आठवत नाही, ताई. मला तू आठवतेस. आणि मी ह्या कागदावर लिहू की ही माझी कोणी नाही?"

शैलाताईंनाही ते ऐकवेना. एकदा वाटलं, उठावं आणि म्हणावं, चल, बहीण लिही, होईल ते होईल. मग विमान, मुंबई, परुळ्याच्या अंगणातला तो झोपाळा आणि त्यावर बसलेली अनोळखी माणसं डोळ्यांपुढे आली आणि त्यांना धडकी भरली. त्या भ्यायल्या, सरळ भ्यायल्या. भावाच्या दंडाला धरून म्हणाल्या, "अण्णांनी सांगितलं, मी त्यांची नाही. ह्यांनी सांगितलं, मी इथली नाही. दोघांनी माझ्यावर जीव टाकला होता रे. तूही लिही. तुझ्यावर मी रागावणार नाही."

फैझल पाण्याचे दोन पेले घेऊन आला. धनेशनं पेन घेतलं. बराच वेळ त्याचा हात कागदावर नुसता टेकलेला होता. मग त्यानं लिहिलं, सही केली, आणि चष्मा काढून डोळे पुसत भिंतीकडे तोंड करून बसला.

फैझलनं कागद आपल्याकडे ओढला. वाचला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पण नियम होता, अर्जदारालाही तोंडी विचारायचा. त्यानं शैलाताईंकडे वळून, त्यांना सोपं जावं म्हणून, आजीच्या मलयमध्ये विचारलं, "मॅडम, हे गृहस्थ तुमचे कोण?"

मुंबईच्या कचेरीत त्यांना कोणी विचारलं नव्हतं. शाळेच्या हॉलमध्ये तर त्या नव्हत्याच. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी टेबलापलीकडून कोणीतरी खुद्द त्यांना विचारत होतं, आणि त्यांचं उत्तर लिहून घ्यायला थांबलं होतं.

धनेशनं वळून पाहिलं नाही. त्याचे कान ह्याच बाजूला होते, ते त्यांना कळत होतं.

"मित्र," शैलाताई म्हणाल्या. "माझे मित्र आहेत ते."